‘बॅटर’ म्हणजे नेमकं काय? सारखं हाणणाऱ्या एका इंग्रजी क्रियापदाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागला की इंग्रजी पेपरांच्या मथळ्यांत हे क्रियापद हमखास उगवतं. ‘रेन बॅटर्स रत्नागिरी’, ‘वेव्ह्ज बॅटर कोकण कोस्ट’. मग बारावीच्या मुलांपासून होमस्टे चालवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे प्रश्न सुरू होतात, आणि दरवर्षी ते बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना या शब्दाची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही, तेव्हा उदाहरणं इथलीच घेतली आहेत.

‘बॅटर’चा सरळ अर्थ काय?

सारखं, जोरात आणि नुकसान होईल असं मारत राहणं. यातल्या तिन्ही गोष्टी लागतात. मार पुन्हा पुन्हा बसला पाहिजे, त्यात जोर पाहिजे, आणि ज्याला मार बसला त्याच्या अंगावर काहीतरी खूण राहिली पाहिजे. चिरा पडणं, पोचे येणं, पत्रे वाकणं, झावळ्या लोंबणं, काहीही चालेल. खूणच राहिली नाही तर ‘बॅटर’ म्हणायला इंग्रजी माणूस कचरतो.

एकच फटका बसला तर?

तर ‘बॅटर’ नाही. ‘हिट’, ‘स्ट्राइक’, ‘स्लॅप’ यांपैकी जे बसेल ते. वीज माडावर पडली तर ‘लायटनिंग स्ट्रक द पाम’. वीज एकदाच पडते. वारा रात्रभर माडाला हलवतो, म्हणून वाऱ्याला ‘बॅटर्ड’ शोभतं.

यामागे व्याकरणाची एक गंमत आहे. या शब्दाच्या शेवटी जो ‘-अर’ आहे तो ‘टीचर’, ‘ड्रायव्हर’मधला ‘करणारा’ नव्हे. इंग्रजीत काही जुन्या क्रियापदांना हे शेपूट लागलं की क्रिया पुन्हा पुन्हा होते. ‘पॅट’ म्हणजे हलकी थाप, ‘पॅटर’ म्हणजे पागोळ्यांचा टपटप आवाज. ‘चॅटर’, ‘क्लॅटर’, ‘फ्लटर’ यांच्या शेवटीही तेच ‘वारंवार’पण ऐकू येतं. मराठीत हे काम आपण शब्द दुप्पट करून भागवतो: दणादण, सपासप, धपाधप, धडाधड. इंग्रजीने ते एका अक्षरात बसवलं आहे, त्यामुळे ‘बॅटर अगेन अँड अगेन’ लिहिणं म्हणजे ‘वारंवार दणादण’ लिहिण्यासारखं होतं.

‘बीट’ आणि ‘बॅटर’ एकच ना?

नाही. ‘बीट’मध्ये नुकसान असेलच असं नाही, आणि पुष्कळदा त्यात ताल असतो. हृदय ‘बीट’ होतं, अंडं ‘बीट’ करतात, शिमग्यात ढोल ‘बीट’ करतात. ‘दे बॅटर्ड द ढोल’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की पालखी नाचवताना ढोलाचं कातडंच फाटलं. शिवाय ‘बीट’चा दुसरा अर्थ हरवणं. ‘बॅटर’मध्ये हार-जीत नाही. कोणी कितीही झोडपलं तरी समोरचा उभा राहू शकतो.

याला जंजिऱ्याइतकं चांगलं उदाहरण नाही. १६८२ च्या सुमारास संभाजी महाराजांनी त्यावर तोफांचा भडिमार केला, समुद्रात भराव घालून वाट करायलाही घेतली, पण किल्ला हाती आला नाही. इंग्रजीत म्हणाल तर ‘बॅटर्ड, बट नॉट बीटन’. वाक्य छोटं आहे, पण दोन्ही क्रियापदांतला फरक त्यात पुरा येतो.

आणखी एक. हे दोन शब्द दिसायला भावंडं वाटतात, पण घराणी वेगळी आहेत. ‘बीट’ हा इंग्रजीचा स्वतःचा जर्मेनिक शब्द. ‘बॅटर’ मध्ययुगात जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे लॅटिनमधलं मारणं-ठोकणं या अर्थाचं क्रियापद आहे. त्याच लॅटिन क्रियापदाची इतर पोरं तुमच्या ओळखीची आहेत: ‘बॅटल’, ‘कॉम्बॅट’, ‘बटालियन’, आणि विश्वास बसणार नाही पण ‘डिबेट’सुद्धा. आमसभेत ज्यांनी डिबेट ऐकली आहे त्यांचा बसेल.

मराठीत याला एक शब्द सांगा ना.

एक सांगता येत नाही, आणि सांगूही नये. सगळा घोटाळा इथेच होतो. शब्दकोशात ‘झोडपणे’ सापडतं, मुलं ते पाठ करतात आणि मग बंधाऱ्यावर आदळणाऱ्या लाटेपासून दार ठोठावणाऱ्या पोलिसापर्यंत सगळ्यांना झोडपायला लावतात.

इंग्रजी विचारते की मार किती वेळा बसला आणि काय मोडलं. मराठी विचारते, मारलं कशाने? आपली क्रियापदं हत्याराप्रमाणे बदलतात. पाऊस आणि वारा झोडपतात. मुठीने मारलं तर बुकलणं, कारण त्यात बुक्की आहे. धुणं दगडावर धोपटतात. ढोल आणि ऊर बडवतात. पावसाळा सरला की खळं करायला अंगण चोपतात आणि मग शेणाने सारवतात. पोहे कांडतात, मसाला कुटतात, मिरची ठेचतात, खिळा ठोकतात. पोराला बदडतात (बदडू नये, पण शब्द आहे). लाटा मात्र यातलं काहीच करत नाहीत. त्या आदळतात, किंवा धडका देतात.

म्हणून ‘बॅटर’ समोर आलं की आधी कर्ता बघा. कर्ता पाऊस असेल तर ‘झोडपणे’. लाटा असतील तर ‘धडका देणे’, आणि ते अनेकवचनीच लिहा, कारण ‘धडक’ एकदाच बसते. तोफा असतील तर ‘मारा करणे’ किंवा ‘भडिमार’. माणूस माणसाला मारत असेल तर ‘बेदम मारणे’. दार असेल तर ‘दारावर धक्के मारणे’. तिथे ‘ठोठावणे’ पुरत नाही, ठोठावणारा परवानगी मागत असतो.

मालवणी आणि रत्नागिरीकडचे वाचक विचारतात की बोलीत काय म्हणावं. तुम्ही म्हणताच की. ‘पावसान झोडपल्यान’ किंवा ‘झोडपलान’ यात ‘बॅटर्ड’ पुरेपूर आलं.

‘कोकण वॉज बॅटर्ड बाय रेन’चं भाषांतर ‘कोकण पावसाद्वारे झोडपले गेले’ बरोबर आहे का?

व्याकरणाने चुकीचं नाही, पण असं कोणी बोलत नाही. इंग्रजीत ‘मार खाणारा’ वाक्याच्या पुढे आणायचा तर कर्मणी रचना लागते. मराठीला त्याची गरज नाही, शब्दांची जागा बदलली की काम झालं: ‘कोकणाला पावसाने झोडपून काढलं.’

यातल्या ‘काढलं’कडे लक्ष द्या. नुसतं ‘झोडपलं’ म्हटलं तर क्रिया समजते. ‘झोडपून काढलं’ म्हटलं की पुरं केलं, काही शिल्लक ठेवलं नाही, हे कळतं, आणि ‘बॅटर’मधली नुकसानीची छटा याच ‘काढणे’त येते. मार अजून चालूच असेल तर ‘झोडपतोय’ किंवा ‘झोडपत राहिला’. भाषांतर करताना मी आधी ‘काढणे’ की ‘राहणे’ हे ठरवते, मूळ क्रियापदाचं मागाहून बघते.

‘पाउंड’, ‘पमेल’, ‘पेल्ट’, ‘लॅश’, ‘थ्रॅश’ यांचं काय? परीक्षेत पर्याय म्हणून देतात.

परीक्षा घेणारे हे समानार्थी धरतात. बोलणारे धरत नाहीत.

‘पाउंड’ म्हणजे जड वस्तूने वरून खाली, एका लयीत. उखळात मुसळ पडतं तसं. आपल्या ‘मुसळधार’ पावसातही मुसळच आहे, त्यामुळे ‘पाउंडिंग रेन’ आणि मुसळधार यांचं छान जमतं. मोठ्या, संथ, दम धरून येणाऱ्या लाटांनाही ‘पाउंड’ शोभतं.

‘पमेल’ मुठींचं. म्हणजे आपलं बुकलणं. पावसाला वापरतात, पण तेव्हा पावसाला मुठी आहेत अशी कल्पना करावी लागते.

‘पेल्ट’मध्ये बऱ्याच छोट्या वस्तू अंगावर येतात: दगड, गारा, टपोरे थेंब. मळभ येऊन एप्रिलमध्ये गारा पडल्या आणि हापूसच्या कलमांवर तडातड बसल्या तर ‘हेल पेल्टेड द ऑर्चर्ड’. त्यात फांद्या मोडल्या, बाग उद्ध्वस्त दिसायला लागली, तर मग ‘बॅटर्ड ऑर्चर्ड’. फळाला मात्र ‘बॅटर्ड मँगो’ म्हणू नका. मार लागलेलं फळ ‘ब्रूझ्ड’ असतं, आणि ‘बॅटर्ड मँगो’ ऐकून परदेशी गिऱ्हाईक आंब्याची भजी समजेल. का, ते पुढे येतं.

‘लॅश’ म्हणजे चाबकाचा फटका. वाऱ्याबरोबर तिरका येणारा, पडवीत आत घुसणारा पाऊस ‘लॅश’ करतो. पण होडीवाल्यांनी सांभाळायचं आहे. ‘लॅश’चा दुसरा अर्थ दोरखंडाने करकचून बांधणं. ‘लॅश द बोट डाउन’ म्हणजे होडीला चाबूक मारा असं नव्हे, ती जखडून टाका. दोन अर्थ, स्पेलिंग एकच, आणि वादळाच्या बातमीत दोन्ही एकाच परिच्छेदात येऊ शकतात.

‘थ्रॅश’ म्हणजे बदडणं, सामन्यात धुव्वा उडवणं. याची गोष्ट पुढच्या प्रश्नात.

‘हॅमर’, ‘बॅश’, ‘क्लॉबर’ हे बोलण्यातले. बातमीत एखादा चालतो, निबंधात नको.

भात झोडणं म्हणजे ‘बॅटरिंग राइस’ का?

मुळीच नाही! भात झोडणं म्हणजे ‘थ्रेशिंग’. कापणी झाली, भारे खळ्यात आले, उडवी (भाऱ्यांची रास) रचली, आणि मग पेंढी हातात धरून दगडावर किंवा फळीवर आपटली की दाणे सुटतात. इथे मारण्याचा हेतू मोडणं हा नाही, वेगळं करणं हा आहे. दाणा शाबूत राहिला पाहिजे. ‘बॅटर’मध्ये शाबूत राहण्याची अपेक्षाच नसते.

यातली मजा अशी की ‘थ्रेश’ आणि ‘थ्रॅश’ मुळात एकच शब्द. खळ्यावरच्या कामाचा शब्द माणसाला बदडण्यासाठी वापरला जाऊ लागला आणि उच्चारासकट वेगळा झाला. आपल्याकडेही झोडायचा भात आणि झोडपायचं माणसाला. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता खळ्यावरूनच शब्द उचलला, कारण पेंढी आपटणाऱ्याचा तो हात सगळ्यांनी पाहिलेला असतो.

पोह्यांना इंग्रजीत ‘बीटन राइस’ म्हणतात, ‘फ्लॅटन्ड राइस’ही म्हणतात. ‘बॅटर्ड राइस’ कधीही नाही.

भज्यांच्या पिठालाही ‘बॅटर’ म्हणतात. तो वेगळा शब्द आहे का?

शब्दकोशात नोंद वेगळी, मूळ तेच. पीठ पाण्यात किंवा दुधात घालून खूप फेटतात, म्हणजे मारतातच, म्हणून ते ‘बॅटर’.

होमस्टेच्या मेनूकार्डासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण इथे रोज चुका दिसतात. ‘बॅटर’ हे ओतता येईल असं पातळ पीठच. घावण्यांचं पीठ ‘बॅटर’. आंबोळीचं ‘फर्मेंटेड बॅटर’. कांदाभज्यांचं ‘बॅटर’. कोंबडी-वड्यांच्या वड्यांचं पीठ मळलेलं असतं, ते ‘डो’. आणि रव्यात घोळवून तव्यावर परतलेली सुरमई ‘बॅटर्ड फिश’ नाही. ‘बॅटर्ड फिश’ म्हटलं की इंग्रज माणसाच्या डोळ्यांपुढे पातळ पिठात बुडवून तेलात तळलेला, फुगीर आवरणाचा मासा येतो. त्याने तो मागवला आणि तुम्ही रवा लावलेली तुकडी दिलीत तर मासा उत्तम असूनही तो बावचळेल. ‘रवा-फ्राइड’ लिहा, ‘सेमोलिना-कोटेड’ लिहा. तिरफळ आणि कोकम समजावून सांगता, मग हेही सांगा.

‘बॅटर्ड’ म्हणजे पिठात बुडवलेला आणि ‘बॅटर्ड’ म्हणजे मार खाल्लेला, हा श्लेष इंग्रजीत इतका घासला गेला आहे की मासळीच्या दुकानावर तो पुन्हा करू नये असं माझं मत.

क्रिकेटमधला ‘बॅटर’ म्हणजे झोडपणारा?

चौकार मारत असेल तेव्हा तसं वाटतं खरं. पण तो शब्द ‘बॅट’ला ‘-अर’ लावून झाला आहे, आणि तिथला ‘-अर’ ‘टीचर’वालाच. बॅट हा काठी, सोटा या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द. बेसबॉलमध्ये ‘बॅटर’ पूर्वीपासून होता. क्रिकेटच्या नियमांत मात्र ‘बॅट्समन’च्या जागी ‘बॅटर’ आणल्याचं नियम ठरवणाऱ्या एमसीसी या क्लबने सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं, जेणेकरून पुरुष आणि स्त्री खेळाडू दोघांनाही एकच शब्द चालावा. मराठीला तेव्हा काही बदलावं लागलं नाही. ‘फलंदाज’ आधीपासून दोघांनाही चालत होता.

तौक्ते वादळ तर गुजरातमध्ये जमिनीवर आलं. मग ‘तौक्ते बॅटर्ड कोकण’ ही बातमी चुकीची होती का?

चुकीची नव्हती. ‘लँडफॉल’ आणि ‘बॅटर’ या दोन वेगळ्या गोष्टी. वादळाचं केंद्र किनारा ओलांडून जमिनीवर येतं तो लँडफॉल. तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याला जवळपास समांतर उत्तरेकडे सरकलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातमध्ये जमिनीवर चढलं. पण सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड या सगळ्या पट्ट्याला जाता जाता वाऱ्याने आणि लाटांनी हाणलं. ‘बॅटर’ला तेवढं पुरतं.

निसर्ग वादळाचं उलट. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावरच चढलं. श्रीवर्धनच्या पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, दापोली-मंडणगडला घरांची कौलं आणि पत्रे उडाले. तिथे लँडफॉलही झाला आणि झोडपणंही. खरं तर आडव्या झालेल्या पोफळींना ‘बॅटर्ड’ कमीच पडतं. त्यांच्यासाठी ‘फ्लॅटन्ड’ आणि ‘अपरूटेड’ आहेत. ‘बॅटर्ड’ झाड अजून उभं असतं.

किती पाऊस पडला की ‘बॅटर’ म्हणायचं?

याला माप नाही. हा बातमीदाराचा शब्द आहे, हवामानखात्याचा नाही. खात्याचे शब्द मोजून ठरलेले असतात: चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ आणि त्याहून जास्त म्हणजे अत्यंत जोरदार. वादळाचंही तसंच. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र, ११८ पासून अति तीव्र. मच्छीमारांना दिलेल्या इशाऱ्यात ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, मधूनच ६५ पर्यंत’ असं लिहिलेलं असतं. त्यात कोणी कोणाला झोडपत नाही.

तेव्हा होडी काढायची की नाही हे मथळ्यावरून ठरवू नका. मथळ्यातलं ‘बॅटर’ झालेल्या गोष्टीचं वर्णन असतं, आणि पुष्कळदा आदल्या दिवशीच्या.

विम्याच्या अर्जात ‘माय हाउस वॉज बॅटर्ड बाय सायक्लोन’ लिहिलं तर चालेल?

वाक्य म्हणून सुंदर, अर्ज म्हणून निरुपयोगी. वाचणाऱ्याला त्यातून काय मोडलं ते कळत नाही. पंचनाम्यात ‘अंशतः पडझड’ की ‘पूर्णतः नष्ट’ हा प्रश्न असतो आणि पैसे त्याच्यावर ठरतात. ‘बॅटर्ड’ या दोहोंच्या मधे कुठेतरी तरंगतं. उलट ‘बॅटर्ड’ म्हणजे उभं आहे, फक्त मार खाल्लाय, असा अर्थ कोणी काढला तर तुमचंच नुकसान.

त्याऐवजी मोजता येईल असं लिहा. छपराचे किती पत्रे उडाले, कौलं किती फुटली, कोणते वासे मोडले, पडवीची कुठली भिंत किती फूट पडली, किती माड मुळातून उन्मळले आणि किती मधूनच मोडले. इंग्रजीत यासाठी साधी क्रियापदं आहेत: ‘ब्लोन ऑफ’, ‘ब्रोकन’, ‘कोलॅप्स्ड’, ‘अपरूटेड’, ‘स्नॅप्ड’. फोटो जोडा आणि ‘बॅटर’ वर्तमानपत्राला राहू द्या.

‘बॅटरी’ याच्यातूनच आली का?

हो, आणि रस्ता तोफांवरून जातो. किल्ल्याची भिंत फोडण्यासाठी एका रांगेत लावलेल्या तोफा म्हणजे ‘बॅटरी’. पुढे बेंजामिन फ्रँकलिनने वीज साठवणारी काचेची तावदानं एकत्र जोडली आणि १७४९ मध्ये त्या संचाला तोच शब्द दिला. तुमच्या टॉर्चमधल्या सेलापर्यंत तो तसाच घरंगळत आला.

तोफांचा अर्थ आपल्या किनाऱ्याला जवळचा आहे. १७५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर जेम्सने हर्णैच्या सुवर्णदुर्गावर आरमारातून मारा केला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने विजयदुर्गावर भडिमार केला, जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख क्लाइव्ह होता, आणि किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे यांची गलबतं पेटली. त्या काळचं लष्करी इंग्रजी वाचताना ‘बॅटर’ दिसलं की ‘झोडपणे’ बाजूला ठेवा. तिथे त्याचा अर्थ तांत्रिक आहे: भिंतीला खिंडार पडेपर्यंत एकाच जागी तोफगोळे मारणं. ‘बॅटरिंग रॅम’ म्हणजे दरवाजा फोडायचा ओंडका, तोही याच कुळातला.

अमेरिकन मालिकांत ‘असॉल्ट अँड बॅटरी’ म्हणतात ते?

तिथल्या कायद्यात ‘बॅटरी’ म्हणजे समोरच्याच्या इच्छेविरुद्ध अंगाला हात लावणं. एकदा ढकललं तरी पुरतं, सारखं मारायची अट नाही. भारतीय कायद्यात ‘बॅटरी’ नावाचा गुन्हा नाही. जुन्या दंडसंहितेत नव्हता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नाही. आपल्याकडे बळाचा वापर, हमला, दुखापत असे वेगळे गुन्हे आहेत. पोलीस ठाण्यातल्या तक्रारीचं भाषांतर करताना हा मालिकांतला जोडशब्द घुसवू नये.

‘बॅटर्ड वुमन’ हा शब्द वापरावा का?

जपून. १९६२ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम’ हा शब्द डॉक्टरांपुढे मांडला. मुलाच्या अंगावरच्या वेगवेगळ्या वेळच्या जखमा पडल्या-झडल्याच्या नसतात, घरातच कोणीतरी मारत असतं, हे त्यामुळे डॉक्टरांना बोलावं लागलं. सत्तरच्या दशकात नवऱ्याच्या मारहाणीत अडकलेल्या बायकांसाठी ‘बॅटर्ड’ आलं. शब्दाची निवड नेमकी होती: एक थप्पड नाही, वर्षानुवर्षं चाललेली मारहाण.

आता मात्र या क्षेत्रात काम करणाऱ्या अनेकांना त्यात एक खोट दिसते. ‘बॅटर्ड’ म्हटलं की बाईची ओळख तिला झालेल्या मारावरून ठरते आणि मारणारा वाक्यातून गायब होतो. म्हणून ‘सर्व्हायव्हर’ किंवा ‘डोमेस्टिक व्हायोलन्स’ असे शब्द पसंत केले जातात. आपल्या २००५ च्या कायद्याच्या नावातही ‘कौटुंबिक हिंसाचार’च आहे, आणि त्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, पैशांची कोंडी यांनाही हिंसा धरलं आहे. मराठीत लिहिताना ‘मार खाणारी बायको’ हा प्रयोग तर नकोच. ‘नवरा तिला मारतो’ असं लिहा, म्हणजे कर्ता जागेवर राहतो.

‘बॅटर्ड सूटकेस’, ‘बॅटर्ड व्हॅन’ यात कोण मारतं?

वापर मारतो. पोचे आलेली, कोपरे झिजलेली, तरी चालू असलेली वस्तू. यात थोडी मायाही असते. मराठीत ‘खटारा’ म्हटलं तर माया जाते आणि ‘जुनीपुराणी’ म्हटलं तर पोचे जातात. ‘पोचे पडलेली जुनी ट्रंक’ असं दोन-तीन शब्दांत सांगावं.

दगडांना मात्र जपून वापरा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरचे जाळीदार खडक ‘वेदर्ड’ आहेत. खारं पाणी, वारा, ऊन यांनी हळूहळू खाल्लेले. समोरचा कडा, ज्यावर पावसाळ्यात लाटा प्रत्यक्ष फुटतात, तो ‘बॅटर्ड’. आणि डिसेंबरात तोच समुद्र पायऱ्यांशी चुळुकचुळुक करत असेल तर क्रियापद ‘लॅप’.

याच्यापुढे कुठली शब्दयोगी अव्ययं येतात?

थेट कर्म असेल तर काहीच नको: ‘वेव्ह्ज बॅटर्ड द सी-वॉल’. मारलं पण आत शिरता आलं नाही, तर ‘बॅटर ॲट द डोअर’ किंवा ‘ऑन द डोअर’. मारून पाडलंच, तर ‘बॅटर डाउन’. लाटा बंधाऱ्यावर येऊन आपटतात हे दाखवायचं तर ‘अगेन्स्ट’. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या बंधाऱ्याविषयी लिहिताना ‘बॅटर्ड’ आणि ‘बॅटर्ड डाउन’ यांत फरक करा. पहिल्यात बंधारा आहे, दुसऱ्यात गेला.

स्पेलिंग आणि उच्चार?

मधे टी दोन. ‘बॅटर्ड’, ‘बॅटरिंग’ करताना शेवटचा आर दुप्पट होत नाही, कारण जोर पहिल्या अक्षरावर आहे. उच्चारात ‘बॅ’ नीट उघडा. ‘बेटर’ म्हणालात तर अधिक चांगलं, ‘बटर’ म्हणालात तर लोणी, किंवा चहात बुडवायचं बेकरीचं बटर. अमेरिकन माणूस मधला ट जवळजवळ ड करतो.

एका ब्रिटिश पाहुण्याने रात्री ‘आय वॉज बॅटर्ड’ म्हटलं. डॉक्टर बोलवायचा का?

बहुतेक नको. ब्रिटिश बोलीत ‘बॅटर्ड’ म्हणजे भरपूर प्यायलेला. लिंबूपाणी द्या.

जेटीच्या नकाशावर ‘बॅटर पाइल’ लिहिलंय. तोही मार खातो का?

खातो, पण नाव त्यावरून नाही. बांधकामात ‘बॅटर’ म्हणजे तिरकेपणा. भिंत वर जाताना आत कललेली असली की त्या उताराला ‘बॅटर’ म्हणतात. किल्ल्यांच्या कित्येक बुरुजांना तो दिसतो. ‘बॅटर पाइल’ म्हणजे उभा न ठोकता तिरका ठोकलेला खांब. होड्यांचा आणि लाटांचा आडवा रेटा उभ्या खांबांना नीट पेलवत नाही, तिरके खांब तो जमिनीत उतरवतात. नकाशात या शब्दाशेजारी १:४ किंवा १:६ असं गुणोत्तर दिसेल. १:४ म्हणजे चार फूट खाली जाताना खांब एक फूट बाजूला सरकतो.